शाळा कुणाच्या हद्दीत?

१९७१ च्या सप्टेंबरमध्ये बॉस्टनच्या डॉर्चेस्टर भागात जोसेफ ली नावाची नवी सरकारी शाळा सुरू झाली. बांधकामाच्या खर्चातला मोठा वाटा मॅसॅच्युसेट्स राज्याचा होता आणि त्यामागे एक अट होती. ज्या शाळेत निम्म्याहून अधिक मुले बिगरगोरी असतील ती ‘असंतुलित’ समजायची, असा कायदा राज्याने १९६५ मध्येच केला होता. नवी शाळा संतुलित ठेवली तर राज्य खर्चाचे ६५ टक्के देई, एरवी ४० टक्के. पैसा हवा होता म्हणून शहराच्या शिक्षण समितीने ली शाळेची हद्द त्या बेताने आखली. शेजारच्या ओहर्न आणि फायफील्ड या शाळांच्या हद्दीतली काही गोरी घरे नकाशावर नव्या शाळेकडे आली.

शाळा उघडली तेव्हा त्या घरांतली बरीच मुले तिकडे फिरकलीच नाहीत. आईवडिलांनी ती जुन्याच शाळांत नेऊन बसवली. मग ओहर्न शाळेत समितीची सभा भरली. चिडलेल्या पालकांनी सभागृह गच्च भरले होते. समितीच्या पाचांपैकी एका सदस्याने आपले आधीचे मत फिरवले आणि तीन विरुद्ध दोन मतांनी ठरले, की ही मुले आहेत तिथेच राहू द्यावीत. राज्याला दिलेला शब्द एका संध्याकाळच्या आरडाओरड्यापुढे टिकला नाही. संतुलित म्हणून बांधलेली ली शाळा पहिल्याच वर्षी असंतुलित झाली.

बॉस्टनच्या शाळा म्हटल्या की बहुतेकांना १९७४ च्या दगडफेकीची छायाचित्रे आठवतात. त्या दगडांच्या मागेपुढे या शहरातल्या पालकांनी शाळांच्या हद्दींना दिलेल्या जबाबांचा दीर्घ इतिहास आहे. कुणी कोर्टात गेले, कुणी स्वतःच्या बस काढल्या, कुणी जपमाळ घेऊन रस्त्यावर बसले, कुणी वाटाघाटी केल्या. आणि कुणी एक शब्दही न बोलता घर विकले. शेवटी कुणाच्या जबाबाने काय ठरले, हे पाहायचे तर जरा मागून सुरुवात करावी लागते.

पाच शाळा ओलांडून

अमेरिकेत ‘पब्लिक स्कूल’ म्हणजे करांतून चालणारी मोफत सरकारी शाळा. आपल्याकडे महापालिकेच्या शाळेत नाव घालताना सहसा कुणी गल्लीची हद्द विचारत नाही. तिथे बहुतेक गावांत घराचा पत्ताच मुलाची शाळा ठरवतो. घर घेताना माणसे खोल्या मोजतात तशी शाळेची हद्दही तपासतात आणि हद्द सरकली की घराची किंमत हलते. शाळेच्या नकाशावरून होणारी भांडणे म्हणूनच कधी निव्वळ शाळेची नसतात.

बॉस्टनमधले असे पहिले गाजलेले भांडण १८४० च्या दशकातले आहे. बेंजामिन रॉबर्ट्स हा कृष्णवर्णीय मुद्रक. त्याच्या मुलीला, साराला, घराजवळच्या शाळेत जायचे होते. सर्वांत जवळची शाळा घरापासून ९०० फुटांवर होती, पण ती गोऱ्यांची. कृष्णवर्णीय मुलांसाठी नेमलेली स्मिथ शाळा २१०० फुटांवर. तिकडे जाताना पाच-सहा वर्षांची ती मुलगी गोऱ्या मुलांच्या पाच शाळा ओलांडून जाई. बापाने शहरावर दावा ठोकला. पुढे सिनेटर म्हणून गाजलेला चार्ल्स सम्नर आणि देशातल्या पहिल्या काही कृष्णवर्णीय वकिलांपैकी एक रॉबर्ट मॉरिस हे दोघे त्याच्या बाजूने उभे राहिले.

१८५० मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश लेम्युएल शॉ यांनी दावा फेटाळला. मुलांची विभागणी कशी करायची हा शिक्षण समितीचा अधिकार, असे त्यांचे म्हणणे. पालकांनी मात्र लढा सोडला नाही. विल्यम कूपर नेल यांच्या पुढाकाराने अर्जविनंत्या चालू राहिल्या, स्मिथ शाळेवर बहिष्कार पडला आणि १८५५ मध्ये राज्याने कायद्याने शाळांतला वर्णभेद बंद केला. शॉ यांचा निकाल मात्र जिवंत राहिला. १८९६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘वेगळे पण समान’ हे तत्त्व मान्य केले, तेव्हा त्यात बॉस्टनच्याच या खटल्याचा आधार घेतला होता.

१८५५ च्या त्या कायद्यानंतर शंभर वर्षांनी बॉस्टनमध्ये कायद्याने विभागलेली एकही शाळा नव्हती. तरी रॉक्सबरीतल्या शाळा जवळजवळ पूर्ण कृष्णवर्णीय आणि साउथ बॉस्टनच्या जवळजवळ पूर्ण गोऱ्या होत्या. जून १९६३ मध्ये एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेच्या वतीने रूथ बॅटसन शिक्षण समितीपुढे उभ्या राहिल्या. त्या स्वतः मुलींच्या आई होत्या. जुन्या इमारती, वर्गांतली गर्दी, अपुरी पुस्तके यांचा पाढा वाचून त्यांनी एवढेच मागितले, की आमच्या शाळा प्रत्यक्षात विभागलेल्या आहेत हे समितीने कबूल करावे. अध्यक्षा लुईस डे हिक्स यांनी ते मान्य केले नाही. शाळा शेजारावर ठरतात, शेजार जसा तशी शाळा, हे त्यांचे उत्तर होते आणि पुढची दहा वर्षे ते बदलले नाही. या उत्तरावर हिक्स निवडणुका जिंकत गेल्या. शाळांच्या सुधारणेबद्दल एरवी बोलणाऱ्या पांढरपेशा उमेदवारांना त्यांनी मागे टाकले.

कृष्णवर्णीय पालकांनी त्याच महिन्यात आणि पुन्हा फेब्रुवारी १९६४ मध्ये मुलांना एक दिवस शाळेतून घरी ठेवले. हजारो मुले चर्चमध्ये आणि समाजगृहांत भरलेल्या ‘स्वातंत्र्य शाळां’त बसली. समिती ढिम्म राहिली. मग १९६५ मध्ये एलन जॅक्सन आणि रॉक्सबरीतल्या इतर आयांनी समितीच्याच नियमपुस्तकातली एक फट शोधली. नियम असा होता, की दुसऱ्या भागातल्या शाळेत जागा रिकामी असेल तर कुठल्याही मुलाला तिथे जाता येईल; फक्त जाण्यायेण्याचा खर्च पालकांनी करायचा. आयांनी वर्गणी काढली, बस भाड्याने घेतल्या आणि शेकडो मुले रोज शहराच्या दुसऱ्या टोकाला पाठवायला सुरुवात केली. या मोहिमेला त्यांनी नाव दिले ‘ऑपरेशन एक्झोडस’. शाळेच्या बसला विरोध म्हणजे बॉस्टन, असे समीकरण पुढे रूढ झाले. त्या शहरात वर्णभेदाच्या कोंडीतून मुले बाहेर काढण्यासाठी पहिल्या बस पालकांनीच, पदरमोड करून, सोडल्या होत्या.

हद्द कुणी आखली?

१९७२ मध्ये एनएएसीपीच्या वकिलांनी काही कृष्णवर्णीय पालकांच्या वतीने समितीवर फेडरल न्यायालयात दावा लावला. न्यायाधीश आर्थर गॅरिटी यांनी २१ जून १९७४ रोजी निकाल दिला. दीडशेहून अधिक पानांच्या त्या निकालात हिक्स यांच्या ‘शेजार जसा तशी शाळा’ या उत्तराची बारकाईने चिरफाड आहे.

निकाल सांगतो, की समितीने शेजार कधी पाळलाच नव्हता. गोऱ्या मुलांची शाळा गच्च भरली आणि शेजारच्या कृष्णवर्णीय शाळेत जागा असली, तरी हद्द हलवली जात नसे. त्याऐवजी गोऱ्या शाळेच्या आवारात तात्पुरते वर्ग उभे राहत. काही भागांत माध्यमिक शाळा सहावी ते आठवी, तर काही भागांत सातवी ते नववी. त्यामुळे कृष्णवर्णीय मुले नववीला एका हायस्कुलात जात आणि गोरी मुले दहावीला दुसऱ्याच. ली शाळेची हद्द कशी आखली आणि कशी पुसली, तेही निकालात आहे. तात्पर्य, १९७४ मध्ये न्यायालयाने जो नकाशा बदलला तो काही जन्मजात, आपोआप झालेला नकाशा नव्हता. तो वर्षानुवर्षे थोडा थोडा सरकवलेला होता, आणि सरकवताना नेहमी एकाच बाजूच्या पालकांचे ऐकले गेले होते.

निकाल आणि शाळा उघडण्याचा दिवस यांच्यात जेमतेम बारा आठवडे होते. शिक्षण समितीने स्वतःची योजना केली नव्हती. म्हणून न्यायाधीशांनी राज्य शिक्षण मंडळाची आधीच तयार असलेली योजना पहिल्या वर्षासाठी लागू केली. सुमारे १७ ते १८ हजार मुले बसने दुसऱ्या भागांत जाणार होती. या योजनेने साउथ बॉस्टन आणि रॉक्सबरी या दोन हायस्कुलांची जोडी लावली. साउथ बॉस्टनचा अकरावीचा अख्खा वर्ग रॉक्सबरीला जाणार आणि दहावीची मुले दोन्हीकडे वाटली जाणार होती.

ही जोडी शहरातली सर्वांत अवघड जोडी होती. साउथ बॉस्टन ही आयरिश कॅथलिक कामगारांची घट्ट वस्ती. तिचे हायस्कूल डॉर्चेस्टर हाइट्स या टेकडीवर होते, जिथून १७७६ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टनच्या तोफांनी इंग्रजांना शहर सोडायला लावले. हायस्कुलातून कॉलेजला जाणारी मुले मोजकी. अभिमान फुटबॉलचा, हॉकीचा आणि बाप जिथे शिकला तिथेच मुलाने शिकण्याचा. रॉक्सबरीतल्या पालकांना साउथ बॉस्टनची शाळा खरोखर चांगली वाटत होती असेही नाही. दोन गरीब वस्त्यांतल्या दोन सामान्य शाळांनी आपापली मुले अदलाबदल करायची होती.

टेकडीवरचा सप्टेंबर

९ सप्टेंबर १९७४ रोजी बॉस्टनच्या नगरपालिकेसमोर हजारो विरोधक जमले. सिनेटर एडवर्ड केनेडी त्यांच्याशी बोलायला गेले. गर्दीने त्यांच्याकडे पाठ फिरवली, अंडी आणि टोमॅटो फेकले. ते ज्या सरकारी इमारतीत शिरले ती त्यांच्या दिवंगत भावाच्याच, जॉन केनेडींच्या नावाची होती. तिची काच फुटली. तीन दिवसांनी शाळा उघडल्या. शहरातल्या बहुतेक शाळांत तो दिवस शांततेत गेला. साउथ बॉस्टनमध्ये रॉक्सबरीची मुले घेऊन परत निघालेल्या बसवर दगड आणि बाटल्या पडल्या. बसच्या खिडक्यांपासून दूर, खाली वाकून बसलेली मुले काचांच्या तुकड्यांसह घरी परतली.

हिक्स यांच्या पुढाकाराने ‘रोअर’ ही संघटना उभी राहिली होती. तिच्या बैठका चक्क नगरपालिकेच्या सभागृहात भरत, कारण हिक्स आता नगरसेविका होत्या. संघटनेचा कणा होत्या आया. सकाळी मुलांना शाळेत न पाठवणे, दिवसा मोर्चा, संध्याकाळी बैठक असे त्यांचे दिवस चालले होते. त्यांच्या बोलण्यात वर्णद्वेष उघड होता, तो मागाहून धुऊन काढता येणार नाही. त्याच बोलण्यात एक दुसरा मुद्दाही वारंवार येई. निकाल देणारे न्यायाधीश वेलस्ली या सधन उपनगरात राहतात आणि त्यांच्या गावच्या शाळांना या निकालाची झळ नाही. मग समतेची सारी किंमत आमच्याच मुलांनी का मोजायची? या प्रश्नाला कुणी धड उत्तर दिले नाही.

११ डिसेंबरला साउथ बॉस्टन हायस्कुलात एका कृष्णवर्णीय विद्यार्थ्याने एका गोऱ्या विद्यार्थ्याला भोसकले. तो वाचला, पण बातमी पसरताच शाळेभोवती जमाव जमला आणि कृष्णवर्णीय मुले आत अडकली. पोलिसांनी समोर रिकाम्या बस आणून जमावाचे लक्ष तिकडे वळवले आणि मुलांना दुसऱ्या दाराने बाहेर काढले. शाळा जानेवारीपर्यंत बंद राहिली. वर्षभराने गॅरिटी यांनी ती शाळा समितीच्या हातून काढून थेट न्यायालयाच्या देखरेखीखाली घेतली.

रॉक्सबरीच्या बाजूचे पालक या काळात फ्रीडम हाउस या समाजकेंद्रात जमत. एलन जॅक्सन आता तिथे काम करीत होत्या. कुठल्या रस्त्यावर काय चालले आहे, कोणती बस कुठे अडली, याची खबर तिथल्या दूरध्वनींवर येई. आया-मावश्या बसमधून मुलांसोबत जात. मुले पाठवायची की नाही यावर घराघरांत वाद होते. दगड खात शिकण्यापेक्षा घरी बसलेले बरे, असे म्हणणारे होते. आज माघार घेतली तर पुढची पन्नास वर्षे हद्द हलणार नाही, असे म्हणणारेही होते. बहुतेकांनी मुले पाठवली.

पालकांची तिसरी तऱ्हा

१९७५ मध्ये दुसरा टप्पा आला. या वेळी न्यायालयाने नेमलेल्या तज्ज्ञांनी शहराचे आठ विभाग पाडले, नववा विभाग साऱ्या शहराला खुल्या असलेल्या विशेष शाळांचा केला आणि विद्यापीठांना शाळांशी जोडून दिले. सुमारे २१ हजार मुले बसने जाणार होती. आता चार्ल्सटाउन ही दुसरी आयरिश वस्तीही यादीत आली. तिथल्या आया हातात जपमाळ घेऊन प्रार्थना म्हणत बंकर हिलच्या रस्त्यांवरून निघाल्या आणि पोलिसांच्या रांगेसमोर गुडघे टेकून बसल्या.

याच टप्प्यात चायनाटाउनच्या आया इतिहासात येतात, आणि त्यांची आठवण फारशी कुणी काढत नाही. नव्या नकाशाप्रमाणे त्यांची मुले चार्ल्सटाउनकडे जाणार होती. शिवणकारखान्यांत राबणाऱ्या, इंग्रजी तोकडी असलेल्या या स्त्रियांनी न्यायालयाचा निकाल उलटवण्याची मागणी केली नाही. त्यांनी यादी केली. बसमध्ये चिनी बोलणारा माणूस हवा, शाळेत चिनी येणारे शिक्षक हवेत, पत्रके आमच्या भाषेत हवीत, मुलांच्या सुरक्षेची हमी हवी. उत्तर मिळेना, तेव्हा सप्टेंबरच्या पहिल्या दिवसांत त्यांनी मुले घरी ठेवली. थोड्याच दिवसांत बहुतेक मागण्या मान्य झाल्या आणि मुले बसमध्ये चढली. स्पॅनिश भाषक पालकही स्वतःची संघटना करून खटल्यात शिरले. मुले सगळीकडे विखुरली तर द्विभाषिक वर्ग मोडतील, ही त्यांची भीती न्यायालयाने लक्षात घेतली. काळे विरुद्ध गोरे एवढ्याच चौकटीत मांडल्या जाणाऱ्या या कहाणीत सर्वांत कमी गोंगाटात सर्वांत जास्त पदरात पाडून घेतले ते या पालकांनी.

५ एप्रिल १९७६ रोजी नगरपालिकेच्या चौकात बसविरोधी विद्यार्थ्यांच्या जमावाने टेड लँड्समार्क या कृष्णवर्णीय वकिलावर हल्ला केला. अमेरिकेचा झेंडा लावलेल्या काठीने एक तरुण त्यांच्यावर चाल करून जात असल्याचा क्षण स्टॅनली फोरमन यांनी टिपला. त्या छायाचित्राला पुढच्या वर्षी पुलित्झर मिळाले आणि बॉस्टनची ती ओळखच होऊन बसली.

ज्यांचा आवाज ऐकू आला नाही

छायाचित्रात न येणाऱ्या पालकांचा जबाब मात्र निर्णायक ठरला. गॅरिटी यांच्या निकालानंतर पाच आठवड्यांनी, २५ जुलै १९७४ रोजी, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने डेट्रॉइटच्या खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी एक निर्णय दिला. उपनगरांनी स्वतः भेदभाव केल्याचे सिद्ध होत नसेल, तर शहराच्या शाळांमधली विषमता दूर करण्यासाठी उपनगरांच्या शाळांना त्यात ओढता येणार नाही. न्यायमूर्ती थर्गूड मार्शल यांनी तीव्र विरोधी मत नोंदवले. पण ठरले ते ठरले. शहराच्या आतली प्रत्येक रेघ आता हलू शकत होती. शहराच्या वेशीवरची रेघ पक्की झाली.

ज्यांना परवडत होते त्यांनी ती रेघ ओलांडली. काहींनी मुले कॅथलिक शाळांत घालण्याचा प्रयत्न केला. आमच्या शाळा बसपासून पळणाऱ्यांचा आसरा होऊ नयेत, असे बॉस्टनचे आर्चबिशप कार्डिनल मेदेरोस यांनी बजावले, तरी वाटा निघाल्या. काही वस्त्यांनी स्वतःच्या खासगी शाळा काढल्या. १९७० च्या दशकाच्या आरंभी बॉस्टनच्या सरकारी शाळांत ९० हजारांहून अधिक मुले होती. १९८० च्या दशकाच्या अखेरीस ती ६० हजारांच्या खाली आली. याचे सगळे खापर निकालावर फोडता येत नाही. उपनगरांकडचा ओढा आधीपासून होता आणि जन्मदरही घटत होता. पण निम्म्याहून अधिक गोरी मुले असलेली शाळाव्यवस्था एका पिढीत अशी झाली, की आपसात वाटून घ्यायला गोरी मुलेच फारशी उरली नाहीत.

१९८९ मध्ये शहराने तीन मोठे विभाग केले. विभागात पालकांनी पसंतीक्रम द्यायचा आणि वंशाचे प्रमाण राखून लॉटरीने शाळा मिळायची. १९९९ मध्ये गोऱ्या पालकांच्या एका गटाने दावा लावल्यावर समितीने वंशाचा निकषही सोडून दिला. २०१२ मध्ये महापौर टॉम मेनिनो यांनी मुलांना घराजवळच्या शाळा देण्याची घोषणा केली, तेव्हा नकाशाचे भांडण पुन्हा उभे राहिले. सहा विभाग, नऊ विभाग, अकरा, तेवीस असे पर्याय पालकांपुढे ठेवले गेले. प्रत्येक सभेत कुणी ना कुणी उठून विचारी, चांगल्या शाळा माझ्या रेघेच्या पलीकडे का?

पेंग शी हा एमआयटीचा विद्यार्थी त्या सभांना बसत असे. पालक अंतराबद्दल बोलतात, पण त्यांना काळजी गुणवत्तेची आहे, हे त्याच्या ध्यानात आले. त्याने सुचवलेल्या पद्धतीत रेघाच नव्हत्या. प्रत्येक घरासाठी संगणकाने जवळच्या शाळांची वेगळी यादी करायची आणि त्यात वरच्या दर्जाच्या ठरावीक शाळा आल्याच पाहिजेत. २०१३ मध्ये शहराने ही पद्धत स्वीकारली. मुलांचा प्रवास कमी झाला. पण २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले, की चांगल्या शाळा मिळण्यातली विषमता हटली नव्हती. गरीब वस्त्यांच्या आसपास वरच्या दर्जाच्या शाळाच थोड्या आणि त्यांच्यासाठी चढाओढ जास्त. यादी कितीही हुशारीने केली तरी नसलेली शाळा तिच्यात कुठून येणार?

बेंजामिन रॉबर्ट्सपासून २०१३ च्या सभांपर्यंत बॉस्टनच्या पालकांना अधिकाऱ्यांनी दर वेळी मुलाने किती लांब जावे हेच विचारले. एलन जॅक्सन यांनी पोर लांब पाठवले, कारण तिकडच्या शाळेत जागा आणि पुस्तके होती. डॉर्चेस्टरच्या गोऱ्या पालकांनी शेजारची नवी शाळाही नाकारली, कारण तिथे शेजारी बसणारे मूल त्यांना नको होते. अंतर दोघांनाही सोयीपुरतेच महत्त्वाचे होते. दगड मारणारे पालक खटला हरले, मुले पाठवणारे पालक तो जिंकले आणि दोघांच्याही मुलांच्या शाळा गरीबच राहिल्या. ज्यांनी सभेला न येता वेशीपलीकडे घर घेतले, त्यांच्या शाळांची हद्द कुणी बदलली नाही. त्या पालकांना विरोध करावाच लागला नाही. त्यांच्या वतीने तो सर्वोच्च न्यायालयाने आधीच केला होता.